सेक्शन सीमधला जय भीम

पंडित खोब्रागडे अमेरिकेत रुळले ते एका फजितीमुळे. ही फजिती ते स्वतःच सांगत, पाहुण्याला चहाबरोबर, आणि दर वेळी थोडी वाढवून. त्यांच्या बायकोला, नंदाताईंना, ती इतकी पाठ झाली होती की पंडितरावांनी घसा खाकरला की त्या उठून पोळ्या लाटायला लागत.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या बरंच वर उत्तरेला, हार्लन नावाचं युनिव्हर्सिटीचं गाव. नागपूरहून इंजिनियर होऊन आलेले पंडितराव तिथल्या युनिव्हर्सिटीच्या पॉवर हाउसमध्ये लागले. सगळ्या इमारतींना थंडीभर वाफ पुरवायची, बॉयलर सांभाळायचे, हे काम. पहिल्याच शनिवारी साहेबाने हातात फुटबॉलचं तिकीट ठेवलं. आता हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. यात पायाचं काम कमी आणि खांद्याचं जास्त. चेंडू लांबट, आणि तो पळवणाऱ्यावर बाकीचे सगळे तुटून पडतात. पंडितरावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते सेक्शन सी मध्ये जाऊन बसले, आणि अचानक सगळं स्टेडियम उठून ओरडायला लागलं, "गो इंडियन्स! गो इंडियन्स!"

त्या अफाट गर्दीत भारतातला माणूस एकच. पंडितरावांना वाटलं, नव्या माणसाचं असं स्वागत करायची इथं पद्धत असावी. अमेरिका हा मोठ्या मनाचा देश आहे असं ते ऐकून होतेच. ते संकोचत उभे राहिले, हात जोडले, चारी बाजूंना वळले आणि सवयीने मोठ्यांदा म्हणाले, "जय भीम!"

शेजारी बसलेला वॉल्ट, गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग तोही उठला, त्यानेही हात जोडले आणि म्हणाला, "जे बीम!" मागची रांग म्हणाली, "जे बीम!" त्याच्या मागची म्हणाली. टीमचंच नाव इंडियन्स आहे, आणि इथं इंडियन म्हणजे ही जमीन ज्यांच्याकडून घेतली ते लोक, हे पंडितरावांना मध्यंतरात कळलं. तोवर त्यांच्या मांडीवर शेंगांचा पुडा आला होता आणि गळ्यात कुणाचा तरी लाल मफलर पडला होता.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. सीझनची पहिली मॅच आणि होमकमिंगची मॅच, या दोन्हींना वॉल्ट पंडितरावांना उभं करायचा, ते हात जोडायचे आणि सगळा सेक्शन सी एका आवाजात "जे बीम" म्हणायचा. होमकमिंग म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांचं माहेरपण. त्या दिवशी तर लांबलांबून आलेली म्हातारी माणसंही हात जोडायची.

यात एवढं हुरळून जाण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटेल त्याने आधी त्यांच्या नावाचा त्रास समजून घ्यावा. मुलगा शिकावा म्हणून बापाने हौसेने नाव ठेवलं पंडित. हार्लनमध्ये मराठी घरं अगदी मोजकी, पण टेलिफोन डिरेक्टरीत हे नाव बघून एका बाईंचा फोन आला, "पंडितकाका, आमच्याकडे सत्यनारायण आहे, तुम्ही सांगाल का?" पंडितराव म्हणाले, "मी खोब्रागडे. पंडित हे माझं नाव आहे. आम्ही बौद्ध आहोत." पलीकडे जी शांतता पसरली ती पुढे कित्येक वर्षं टिकली. कुणी वाईट बोललं नाही. शिकलेली माणसं, वाईट कशाला बोलतील? फक्त दिवाळीचा फराळ झाल्यावर कळायचं, आणि कोणी दुकानात भेटलं की म्हणायचं, "अहो, तुम्हाला फोन करायचा राहूनच गेला बघा." त्या लोकांत पंडितरावांच्या तोंडून जय भीम कधी निघाला नाही. निघता निघता त्याचा नमस्कार व्हायचा.

आणि इथे, परक्या मुलखात, शेकडो माणसं त्यांच्या जय भीमला जय भीमने उत्तर देत होती. उच्चार चुकीचा, पण छातीतून. पंडितरावांनी त्या स्टेडियमला जीव लावला तो यासाठी.

मग काय, हार्लनच्या फुटबॉलचा सगळा इतिहास त्यांनी तोंडपाठ केला. खेळाडू बोगद्यातून बाहेर येताना कोणत्या दगडाला हात लावतात आणि का. शेजारच्या कॉलेजशी दर वर्षी एका लाकडी ओंडक्यासाठी लढाई होते ती कोणत्या भांडणातून सुरू झाली. एका साली एवढं बर्फ पडलं की मैदानावरच्या रेघा दिसेनात, तेव्हा प्रोफेसरांनी स्वतः फावडी घेतली होती. आणि सगळ्यांत वर, चीफ. मध्यंतरात ढोल वाजायचा, अंगावर कातड्याचा झगा, तोंडाला रंग आणि डोक्यावर पिसांचा मोठा टोप घातलेला एक विद्यार्थी मैदानात यायचा आणि उड्या घेत नाचायचा. त्या वेळी सगळं स्टेडियम टोप्या काढून उभं राहायचं. पंडितरावांच्या अंगावर काटा यायचा.

त्यांची मुलगी रुपाली या सगळ्यात वाढली. लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून सेक्शन सीबरोबर ओरडायची. पुढे मोठी झाली, त्याच युनिव्हर्सिटीत शिकायला लागली, होस्टेलवर राहायला गेली, आणि एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या त्या सप्टेंबरात एका रविवारी ती आपल्या मैत्रिणीला जेवायला घेऊन आली.

मैत्रिणीचं नाव लोरेन. ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीची, उत्तरेकडच्या मोठ्या तळ्याकाठच्या त्यांच्या राखीव वस्तीतून आलेली, कमी बोलणारी मुलगी. नंदाताईंनी गोळाभात केला होता. तिने दोनदा मागून घेतला, त्यामुळे नंदाताई तिच्यावर खूष. पंडितरावांना तर आनंदाचं भरतंच आलं. आयुष्यभर ज्या नावाने टाळ्या वाजवल्या त्या नावाचं माणूस आज आपल्या टेबलाशी बसलंय! त्यांनी तिला दगड सांगितला, ओंडका सांगितला आणि शेवटी चीफ सांगितला. सगळे टोप्या कशा काढतात ते उठून करून दाखवलं. मग नंदाताईंकडे वळून म्हणाले, "केवढा मान आहे बघ यांच्या लोकांचा!"

आणि त्यांचा हात तसाच डोक्याशी राहिला. मान हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला, पण कानाला तो दुसऱ्याच कुणाच्या आवाजात ऐकू आला. नंदाताईंनीही चमकून वर पाहिलं.

लोरेन मराठी समजत नव्हती. ती आपली शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे गरुडाचं पीस असं कुणालाही घालता येत नाही. काही मोठं केलं तर मिळतं. माझे मामा लढाईवरून परत आले तेव्हा त्यांना एक मिळालं. एकच. ते लाल कापडात गुंडाळून ठेवतात, पायदळी येईल असं कुठे ठेवत नाहीत." मग तिने विचारलं, "त्या मुलाच्या टोपात पिसं कितीतरी असतात. ती कुठून आणतात?"

पंडितरावांना उत्तर माहीत होतं. नाटकाचे कपडे विकणाऱ्या दुकानातून. हीच माहिती ते पाहुण्यांना मोठ्या ऐटीत द्यायचे. त्या दिवशी त्यांनी ताक मागितलं.

लोरेनला बसपर्यंत सोडून रुपाली परत आली आणि म्हणाली, "बाबा, होमकमिंगला आम्ही गेटवर प्रोटेस्ट करणार आहोत. चीफच्या अगेन्स्ट. तुम्ही पण या ना."

"मी? माझी आत सीट आहे."

"सेक्शन सी मध्ये. आय नो." ती जरा अडखळली, मग बोलून गेली. "बाबा, यू आर देअर अदर चीफ. तुम्हाला उभं करतात, हसतात, बसवतात."

पंडितरावांचा पारा चढला. "हसतात? त्या लोकांनी मला कधी जात विचारली नाही, समजलं? इथल्या आपल्या मराठी लोकांनी विचारली, त्यांनी नाही!"

"त्यांनी काहीच विचारलं नाही, बाबा. वॉल्ट अंकलना माहितीये का, तुम्ही कुणाचं नाव घेता ते?"

"माहीत असेल."

"तुम्ही सांगितलंय?"

नंदाताई मध्ये पडल्या. "काहून आवाज चढवता पोरीवर? ती विचारते त्याचं उत्तर द्या ना." पंडितराव उठून गॅरेजमध्ये गेले आणि चांगला चालणारा पंखा उघडून बसले.

खरं तर वॉल्टला त्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. भीम सांगायचा तर बाबासाहेब सांगायला लागले असते. बाबासाहेब सांगायचे तर आपलं गाव, आपला बाप, सगळंच सांगावं लागलं असतं. मग वॉल्टने सहानुभूतीने मान हलवली असती, आणि पंडितरावांना सहानुभूती नको होती. त्यांना नुसतं उत्तर हवं होतं. ते मिळत होतं, तर कशाला खाजवून खरूज काढा?

पण मान हा शब्द काही डोक्यातून जाईना.

भंडारा जिल्ह्यातलं त्यांचं गाव. पोळ्याला बैलांची मिरवणूक निघे आणि तिच्या सगळ्यांत पुढे, पाटलाच्या बैलांच्याही पुढे, पंडितरावांचा बाप चाले. हातात घुंगरांची काठी आपटत, "जोहार मायबाप" अशी आरोळी देत. गाव म्हणायचं, हा खोब्रागड्यांचा मान आहे, पिढ्यान् पिढ्यांचा. संध्याकाळी तोच बाप त्याच काठीने दारोदार जाऊन, लांब उभं राहून, उष्टंशिळं गोळा करायचा. तोही मानच होता. छोट्या पंडितला यातलं फक्त सकाळचं दिसायचं. घुंगरं दिसायची आणि आपला बाप सगळ्यांच्या पुढे दिसायचा. ही काठी एक दिवस आपल्या हातात येणार या विचाराने त्याला पोळ्याच्या आदल्या रात्री झोप लागत नसे.

मग छप्पन साल आलं. नागपूरला दीक्षा झाली. त्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला बापाने काठी उचलली, सरळ पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "मान नोको, मानूस म्हना." एवढंच बोलून घरी आला. गावाने विहीर बंद केली, दुकान बंद केलं, मजुरी बंद केली. दिवाळीच्या आत त्यांना गाव सोडून नागपूरला काकाच्या खोलीत यावं लागलं. आणि पंडितराव, जे पुढे जन्मभर बाबासाहेबांच्या फोटोला हार घालणार होते, ते त्या वेळी बापाशी कित्येक दिवस बोलले नव्हते. सगळ्यांच्या पुढे चालायला मिळायचा तो एकच दिवस, तोही या माणसाने देऊन टाकला, असं त्या पोराला वाटलं होतं.

आता, चाळिशी उलटून गेल्यावर, सकाळी बॉयलरसमोर उभं असताना त्यांना वाटायला लागलं की तो पोरगा अजून गेलेलाच नाही. तो सेक्शन सी मध्ये लाल मफलर घालून बसतो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की राग येतो तसा रुपालीचा आणखीच राग आला.

होमकमिंगचा शनिवार उजाडला तो हाडं गोठवणारी थंडी घेऊन. रुपाली आणि तिची मंडळी मोठ्या गेटवर उभी राहणार हे माहीत होतं, म्हणून पंडितराव मागच्या गेटने आत गेले. मुलीच्या समोरून जायची हिंमत झाली नाही, हे सरळ सांगायला हवं. काखेत लाल उशी होती. नेहमीच्या प्रेक्षकांकडे नाव भरलेली अशी उशी असते. त्यांच्या उशीवर पांढऱ्या दोऱ्याने 'पंडित' लिहिलेलं, वॉल्टच्या बायकोने स्वतः भरून दिलेलं. ती बिचारी दोन वर्षांपूर्वी वारली. वॉल्टने जागा धरून ठेवली होती. त्याने पाठीवर थाप मारली, शेंगा पुढे केल्या. या माणसाविषयी वाईट विचार करणं पंडितरावांना जड जात होतं.

पुढच्या रांगेत यंदा काही नवी पोरं होती, गालांवर लाल पट्टे ओढलेली. खेळ सुरू व्हायच्या आधी वॉल्टने नेहमीसारखं त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि पोरांना म्हणाला, "बघा, हा आमचा खराखुरा इंडियन!"

पंडितरावांनी हात जोडले. "जय भीम," ते म्हणाले. आवाज बारीक निघाला. सेक्शन सीचा मात्र जोरात आला, "जे बीम!"

"याचा अर्थ काय?" एका पोराने विचारलं.

वॉल्ट म्हणाला, "त्यांची युद्धाची आरोळी आहे. शत्रूला कापून काढा, असं काहीतरी. हो ना, पंडित?"

सोळा-सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी अर्थ विचारला होता. पंडितराव म्हणाले, "नाही. ते एका माणसाचं नाव आहे. त्यांनी आम्हाला..." तेवढ्यात बँड सुरू झाला, चेंडू उडाला आणि पोरं मैदानाकडे वळली. वॉल्टही वळला. सांगायचं ते तोंडातच राहिलं.

मध्यंतर झालं. ढोल वाजला. सगळं स्टेडियम उभं राहिलं, टोप्या उतरल्या. चीफ बोगद्यातून धावत आला आणि मैदानाच्या मधोमध नाचायला लागला. चांगला नाचत होता, मन लावून. त्याच्या टोपाची पिसं वाऱ्यावर फडफडत होती. पंडितराव बघत राहिले, आणि त्यांना लोरेनच्या मामाचं लाल कापडातलं एक पीस आठवलं. ते खाली बसले.

"पंडित," वॉल्ट कुजबुजला, "ऊठ. बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. मी उभा राहणार नाही."

वॉल्टला आधी कळेना. मग गेटवरच्या घोषणांशी त्याने धागा जोडला असावा. तो खरोखर दुखावल्यासारखा झाला. "अरे, ते तुझ्याबद्दल नाही. तू त्यातला इंडियन नाहीस."

"मग मघाशी कोणता होतो?" पंडितरावांनी विचारलं.

वॉल्ट मैदानाकडे बघायला लागला. पण आजूबाजूच्यांना एवढंच दिसलं की आपला पंडित तोंड पाडून बसलाय. त्यांनी त्याला खुलवायचं ठरवलं. पुढच्या रांगेतल्या पोराने सुरुवात केली. तोंडावर हात आपटत, सिनेमातले इंडियन काढतात तसा आवाज काढत तो ओरडला, "जे बीम! वू वू वू! जे बीम!" रांगेमागून रांग त्यात मिसळली. सगळा सेक्शन सी तोंडावर पंजे आपटत बाबासाहेबांचं नाव घेत नाचायला लागला, आणि खाली चीफ उड्या मारत होता.

त्यात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, आणि पंडितरावांना सगळ्यांत जास्त लागलं ते तेच. वाईट असतं तर भांडता आलं असतं. "थांबा," ते मराठीत म्हणाले. मग इंग्रजीत म्हणाले. कुणाला ऐकूही गेलं नाही. ते उठले. लाल मफलर गळ्यातून काढून त्यांनी घडी केला, उशीवर ठेवला, आणि उशी तशीच बाकावर सोडून पायऱ्या उतरायला लागले. मागे बघितलं असतं तर परत बसले असते, म्हणून बघितलं नाही.

मोठ्या गेटबाहेर जेमतेम डझनभर पोरं उभी होती. पोलिसांनी त्यांना झाडाखाली ढकललं होतं. कुणीतरी कोकचा भरलेला कप फेकून मारला होता. रुपालीचा कोट पुढून ओला झाला होता आणि ती कुडकुडत होती. लोरेनने आपला फलक दुसऱ्या हातात घेतला आणि मध्ये जागा करून दिली. पंडितराव त्या जागेत उभे राहिले. अंगातला कोट काढून त्यांनी रुपालीला दिला.

आतला गोंगाट भिंतीवरून बाहेर येत होता. जे बीम, वू वू, जे बीम.

"बाबा," रुपाली म्हणाली, "ते तुम्हाला बोलावतायत."

"मला नाही."

मग घाबरतच, जणू चूक होईल की काय अशा आवाजात, ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "जे बीम, बाबा."

तिचा उच्चार हुबेहूब सेक्शन सीचा होता. दुसरा कुठून असणार? ती तिथेच शिकली होती. घरात फोटोला हार होता, बावीस प्रतिज्ञा फ्रेममध्ये होत्या, पण लेकीला समोर बसवून हा शब्द त्यांनी कधी शिकवला नव्हता. ते काम त्यांनी फुटबॉलवर सोडलं होतं.

"बीम नाही," ते म्हणाले. "भीम. ओठ मिट, आणि उघडताना श्वास सोड. भ."

"ब."

"श्वास सोड. बघ माझ्याकडे. भ."

थंडीत त्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. रुपालीने बघितलं, ओठ मिटले आणि पुन्हा म्हटलं. वाफ आली नाही. लोरेनही बघत होती. आत खेळ पुन्हा सुरू झाला होता; कुणीतरी गोल केल्यासारखा जल्लोष उठला आणि तोफ उडाली. हार्लनने गुण घेतला की उडते ती तोफ. पंडितरावांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.

"भ," रुपाली म्हणाली, आणि तिच्या ओठांसमोर हवा पांढरी झाली.